बारकी चिंच

परवा ईटला गेलो होतो तेव्हा भावकीतले एक काका आले, चहा झाला, आणि जाता जाता न्हाणीजवळच्या कठड्यापाशी थांबून म्हणाले, "ही चिंच का खुरटली रं? खत-बित घाला की." आईने लगेच तोंडाला पदर लावला. तिला हसायला एवढंच पुरतं. दादा (म्हणजे आमचे वडील) काही बोलले नाहीत. मी बोन्साय म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्यालाच काकांचं लक्ष उडालेलं दिसलं. असो. ते वाक्य पुरं करण्यासाठी हे लिहितोय असं समजा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ईट हे आमचं गाव भूम तालुक्यात आहे. जिल्हा धाराशिव, म्हणजे आमच्या शाळेच्या दाखल्यावरचा उस्मानाबाद. पुण्याहून जामखेड-खर्ड्याकडून आलं की बालाघाटाचं माळरान लागतं, काळ्या रानापेक्षा मुरूमच जास्त दिसायला लागतो, त्या भागात. कुंथलगिरी जवळच. पेढे खाल्ले असतील तर तालुका तुम्हाला माहीत आहे. आमच्याकडे पाऊस कमी आणि दूध जास्त, त्यामुळे खव्याच्या भट्ट्या पुष्कळ. या भट्ट्यांची गोष्ट पुढे येणार आहे.

आणि बोन्सायचं वेड मला लागलं ते ईटला नाही, तोक्योला. तेसुद्धा चिंचेमुळे नाही, 'उमे'मुळे.

कंपनीने ऑगस्ट २०१३ मध्ये मला तिकडे पाठवलं. पहिला हिवाळा फार वाईट गेला. भाषा येत नाही, संध्याकाळी साडेचार-पाचला अंधार, आणि खोलीतला हीटर लावला की बिलाची धास्ती. फेब्रुवारी २०१४ मध्ये तोक्योत मोठा बर्फ पडला, एकदा नाही, लागोपाठच्या दोन शनिवार-रविवारी. तिथल्या लोकांनाही ते अप्रूप होतं. त्याच दिवसांत ऑफिसातला एक जपानी मित्र मला युशिमा तेन्जिन नावाच्या देवळात घेऊन गेला. परीक्षेला बसणारी मुलं तिथे लाकडी पाट्यांवर नवस लिहून टांगतात. (आपल्याकडे दहावीच्या आधी गणपतीला नारळ बोलतात तसं.) पाट्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे लटकत होते, आणि त्यांच्या मागे काळ्या, वाकड्या, एकही पान नसलेल्या फांद्यांवर पांढरी आणि गुलाबी फुलं. फांदीवर बर्फ, बर्फाला लागून फूल. मला आधी वाटलं कागदाची चिकटवली असतील.

हा उमे. इंग्रजीत त्याला कोणी प्लम म्हणतं, कोणी जपानी ॲप्रिकॉट. वनस्पतिशास्त्रातलं नाव प्रुनस मुमे. आपल्या जर्दाळूचा जवळचा भाऊबंद. मूळचा चीनचा, पण जपान्यांनी तो असा काही आपला केला की विचारू नका. आपण जपान म्हटलं की साकुरा म्हणतो, पण 'मान्योशू' या त्यांच्या सगळ्यात जुन्या कवितासंग्रहात साकुरापेक्षा उमेवरच्या कविता कितीतरी जास्त आहेत. २०१९ साली नवा सम्राट आला तेव्हा 'रेइवा' हे नव्या कालखंडाचं नावसुद्धा त्याच संग्रहातून घेतलं. ७३० साली दाझाइफूला उमेची फुलं बघायला जमलेल्या मंडळींच्या कवितांना जी प्रस्तावना आहे, तिच्यातून. ज्या देवळात आम्ही उभे होतो तिथला देव म्हणजे सुगावारा नो मिचिझाने. हा मूळचा माणूसच, मोठा विद्वान. दरबारातल्या राजकारणात हरला आणि ९०१ साली त्याच दाझाइफूला हद्दपार झाला, दोन वर्षांनी तिथेच वारला. त्याचं अंगणातलं लाडकं उमेचं झाड मालकाच्या ओढीने एका रात्रीत उडत त्याच्याकडे गेलं अशी दंतकथा आहे. मित्र हे सगळं मोडक्या इंग्रजीत सांगत होता आणि मी मान हलवत होतो. घरापासून लांब असलेल्या माणसाला झाड उडत येण्याची गोष्ट पटायला वेळ लागत नाही.

देवळाच्या आवारात कुंड्यांतले उमे मांडलेले होते. हातभर उंचीची झाडं. खोड म्हाताऱ्याच्या पिंडरीसारखं पिळलेलं, अर्धं पोकळ, आणि त्या पोकळ खोडातून निघालेल्या काडीएवढ्या फांदीला सात-आठ फुलं. वास इतका की वाकायलाही नको. एक आजोबा ती झाडं राखत बसले होते. मित्राला मध्ये घालून मी त्यांना अर्धा तास छळलं.

त्यांनी जे सांगितलं ते मी त्या रात्री वहीत उतरवून ठेवलं. उमेची फुलं गेल्या मोसमात वाढलेल्या फांदीवर येतात. म्हणून फुलं गळली की फांदी छाटायची, पण बुडाशी दोन-तीन डोळे राखून. आणि राखायचे ते पानाचे डोळे. नुसत्या फुलाच्या कळ्या राखल्या तर त्या फुलतील आणि फांदी तिथेच वाळेल. फुलाची कळी गोल, पानाची टोकदार. त्या दोन्ही ओळखता येईपर्यंत आजोबांच्या गुरूने त्यांना कात्री हातात दिली नव्हती म्हणे. कुंडी बदलायची तीही फुलं झाल्यावर, मुळं छाटून. पुढच्या वर्षीच्या कळ्या भर उन्हाळ्यात धरतात, त्यामुळे तेव्हाची देखभाल सगळ्यात महत्त्वाची आणि तेव्हा बघायला कोणी येत नाही. फळ धरलं तर काढून टाकायचं, नाहीतर छोटं झाड दमतं. आणि पाणी. हे झाड पाणी मागतं. उन्हाळ्यात दिवसातून दोनदासुद्धा.

"एवढं पोकळ खोड, मग जगतं कसं?" मी विचारलं. ते म्हणाले, उमेचं आतलं लाकूड कुजतंच, त्याला इलाज नाही. सालीखालून एक धमनी चालू राहिली तरी पुरे.

पुढच्या आठवड्यात मी एकटाच ओमियाला गेलो. तोक्योच्या उत्तरेला सायतामात बोन्सायचं गावच आहे. १९२३ च्या कांतो भूकंपात तोक्योतल्या बोन्सायवाल्यांच्या बागा गेल्या. त्यातले काही जण चांगली माती, पाणी आणि मोकळी हवा शोधत इथे आले आणि १९२५ पासून वस्ती केली. त्यांनी स्वतःसाठी नियम केले होते. प्रत्येकाकडे निदान दहा बोन्साय हवेत. फाटक सगळ्यांसाठी उघडं ठेवायचं. कुंपण झाडांचंच. दुमजली घर बांधायचं नाही. आता तिथे मोजक्याच बागा उरल्यात, शिवाय २०१० साली उघडलेलं संग्रहालय आहे. मी ते नियम वाचत उभा राहिलो आणि मला आमचं गाव आठवलं. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून लोक झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप. आम्ही तिथून बरेच लांब, तरी माळवद हललं आणि वरून माती पडायला लागली. दादांनी मला घोंगडीसकट उचलून अंगणात टाकलं. नंतर कित्येक महिने गाव अंगणात आणि खळ्यावर झोपत होतं. दगड-मातीच्या माळवदानेच किल्लारीकडे माणसं मारली हे कळल्यावर आमच्याकडेही लोकांनी हळूहळू माळवदं उतरवून पत्रे टाकले. भूकंपानंतर घर हलकं करायचं हे दोन्हीकडे सुचलं. झाडं लावायचं मात्र त्यांना सुचलं.

त्या रात्री दादांना फोन केला. तिकडे गारपिटीचे दिवस सुरू झाले होते. २०१४ चा फेब्रुवारी-मार्च मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला विसरता येणार नाही. शाळू आडवा झालेला, आंब्याचा मोहर झडलेला. दादा कमी बोलत होते. त्यांना बरं वाटावं म्हणून (हा माझा जुना दोष, समोरचा गप्प झाला की मी गोष्टी सांगायला लागतो) मी त्यांना मित्राकडून ऐकलेली एक गोष्ट सांगितली. त्यांच्या नो नाटकांत 'हाची नो कि' नावाचं नाटक आहे. नावाचा अर्थ 'कुंडीतली झाडं'. बर्फाच्या रात्री एक भिक्षू एका गरीब सरदाराच्या झोपडीत आसरा मागतो. सरदाराची जमीन गेलेली, घरात शिजवायला वरीसारखं कसलं तरी धान्य, आणि जळण तर नाहीच. पूर्वीच्या वैभवातली फक्त तीन झाडं उरलीयत, कुंडीतली. उमे, साकुरा आणि पाइन. पाहुण्याला थंडी वाजते म्हणून तो ती तिन्ही तोडून शेकोटी करतो. तो भिक्षू म्हणजे वेष पालटून फिरणारा राज्यकर्ता होजो तोकियोरी असतो. पुढे तो सरदाराला त्याची जमीन परत देतो, वर तीन गावं इनाम देतो, तिन्ही झाडांच्या नावांची.

मला वाटलं दादा म्हणतील, चांगलं झालं. ते म्हणाले, "म्हंजे झाडं जळालीच की."

मग थोडा वेळ फोनवर नुसता खरखराट. आणि मग म्हणाले, "आपली चिंच पण भट्टीलाच गेली."

आमच्या रानाच्या बांधावर चिंच होती. आजोबांच्या आधीची. तिच्याखाली आमची बैलं बांधली जायची, शेजारच्या रानातली माणसं भाकरी खायला यायची, आणि गाभुळलेल्या चिंचेवरून आम्हा भावंडांत डोकी फुटायची. आई चैत्रात तिचा चिगूर आणायची, वरणात टाकायला. २०१२ ला पाऊस गेला, २०१३ च्या उन्हाळ्यात तर बहात्तरच्या दुष्काळाची आठवण काढणारी म्हातारी माणसं 'तवा पाणी तरी होतं, धान्य नव्हतं' म्हणायला लागली होती. दादांनी बोअर घेतला. पाचशे फुटांवर नुसता फुफाटा. बोअरवाल्याचे राहिलेले पैसे द्यायला एप्रिलमध्ये चिंच विकली, साडेआठ हजाराला. खव्याच्या भट्टीला जळण लागतंच. दोन दिवस करवत चालली, ट्रॅक्टरच्या तीन खेपा झाल्या.

मी जुलैत जपानला जायच्या आधी एक दिवस ईटला जाऊन आलो होतो. सगळ्यांच्या पाया पडलो, फोटो काढले. रानात गेलोच नाही. बुटांना चिखल लागेल म्हणून. दादांनीही चल म्हटलं नव्हतं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मार्च २०१५ मध्ये परत आलो तेव्हा सामानात उमेबोशीची बरणी होती. उमेची फळं मिठात घालून, लाल शिसोच्या पानांबरोबर मुरवून, उन्हात वाळवलेली. आईने एक तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि म्हणाली, "तेल न्हाई, फोडणी न्हाई, हे कसलं लोणचं?" बिया मात्र मी गुपचूप धुऊन ठेवल्या आणि पुण्याच्या बाल्कनीत कुंडीत पेरल्या. दोन महिने रोज पाणी घातलं. मिठात मुरलेली बी मेलेली असते हे इंजिनिअर झालेल्या माणसाला कळायला हवं होतं. एका नर्सरीवाल्याने पोट धरून हसून घेतलं आणि मग नीट सांगितलं की ताजी बी मिळाली असती तरी तिला आधी दोन-तीन महिने ओल्या गारव्यात ठेवावं लागतं, आणि रोप झालं तरी त्याला हिवाळ्यात खरी थंडी लागते. थंडी मिळाली नाही की कळीला जागच येत नाही. "साहेब, तुमच्या भूमला मे महिन्यात काय असतं? चाळीसच्या वरच ना? मग तिथं जे उगवतंय ते लावा."

त्याचं म्हणणं खरं होतं. (पुढे २०१८ साली प्राजक्ता काळे यांनी पुण्यात 'बोन्साय नमस्ते' हे मोठं प्रदर्शन भरवलं, ते बघायला गेलो तेव्हा आपल्या हवेत वड, उंबर, पिंपरणीचे किती देखणे बोन्साय होतात ते दिसलं, आणि उमेचं खूळ डोक्यातून बरंचसं उतरलं.)

जूनमध्ये ईटला गेलो तेव्हा आईकडे चिंचोके मागितले. आमच्याकडे चिंचोके टाकत नाहीत, पोरं खेळतात. डालड्याच्या जुन्या डब्यात मूठभर निघाले. "बांधावरच्याच हायेत," आई म्हणाली, "शेवटच्या वर्षीच्या." रात्रभर भिजवून पिशव्यांत लावले. बारा उगवले.

दादांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. झाडाची सोटमुळी कापायची म्हटल्यावर ते उठून गेले. तार गुंडाळून फांदी वाकवायची म्हटल्यावर म्हणाले, "गुन्हा काय केलाय तिनं, बेड्या घालायला?" आणि एकदा जरा चिडूनच, "उपाशी ठिवून बारकं करायचं, ही कसली हौस?" मी सांगायचा प्रयत्न केला की उपाशी ठेवत नाहीत, उलट रानातल्या झाडापेक्षा याचे लाड जास्त. मुरूम आणि विटांचे चाळलेले तुकडे, त्यात थोडं कुजलेलं शेणखत, पाणी साचणार नाही असं बघायचं, दर दोन वर्षांनी पावसाळ्याच्या तोंडाला मुळं छाटून नवी माती. चिंच या कामाला चांगली, पान मुळातच बारीक, आणि छाटलं तरी रागावत नाही. दादांनी ऐकून घेतलं. "आन् तू पुण्यात. पाणी कोन घालनार?"

हा प्रश्न त्याच वर्षी खरा झाला. २०१५ चा पावसाळाही गेला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणायला लागले, ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. आमच्या गावात टँकर. हंडे रांगेत लावून बायका सावली धरून बसायच्या. मला पुण्यात नळ सोडला की आवाज नको व्हायचा. फोनवर दादांना म्हणालो, "त्या रोपांना पाणी घालू नका. गेली तर गेली." मनापासून म्हणालो. लोकांच्या घशाला कोरड असताना कुंडीतल्या हौसेला पाणी घालणारा माणूस मला व्हायचं नव्हतं, आणि दादांना तसं करायला लावायचं तर मुळीच नव्हतं. 'हाची नो कि'मधल्या सरदाराने केलं ते बरोबरच होतं, असंही स्वतःला सांगून झालं.

दादा म्हणाले, "बघतो."

मे महिन्यात गेलो. बारापैकी दहा पिशव्यांत काड्या उभ्या होत्या. दोन हिरव्या. आईने तक्रारीच्या सुरात सांगितलं, "तुझे दादा रोज त्या पिशवीवर पाय धुत्यात. चूळ भरायची ती पण तिथंच. माणूस हाय का काय!" सकाळी तोंड धुतलेलं, रानातून आल्यावर पाय धुतलेलं, तेवढंच पाणी. ते दोन रोपांना पुरलं. "हीच दोन का?" मी विचारलं. मला वाटलं काहीतरी कारण असेल, खोड बघून निवडली असतील. दादा म्हणाले, "हीच न्हाणीजवळ हुती."

त्या वर्षी पाऊस पडला. जुलैत दादांनी मला न विचारता एक रोप उचललं आणि बांधावर जुन्या बुंध्याच्या शेजारी लावून आले. दुसरं माझ्यासाठी ठेवलं. त्याला कुंडी म्हणून एका तडकलेल्या रांजणाचं बूड त्यांनीच कापून आणलं, तळाला भोक पाडून.

तर ही दोन्ही झाडं एकाच डब्यातली, एकाच रात्री भिजवलेली. दहा वर्षं होऊन गेली. बांधावरची आता घराच्या पत्र्याहून उंच आहे. रांजणाच्या बुडातली दीड वीत आहे, खोड माझ्या अंगठ्याहून थोडं जाड. एका फांदीवर तारेचा वळ राहिलाय, कारण एकदा मी वेळेवर तार काढायला आलो नाही. ती माझी चूक, आणि ती कितीही वर्षं दिसत राहणार. संध्याकाळ झाली की दोन्ही पानं मिटतात. बांधावरचीला गेल्या वर्षी जूनमध्ये पहिली फुलं आली, पिवळट, आत तांबड्या रेघा असलेली. आजवर एवढ्या चिंचा खाल्ल्या पण फूल कधी निरखलं नव्हतं. रांजणातलीला अजून एकही नाही.

दादांचे गुडघे गेलेत. रानात रोज जाणं होत नाही. सकाळी कठड्याजवळ खुर्ची टाकून बसतात. गेल्या खेपेला मी बघितलं तर कुंडीतल्या चिंचेचे शेंडे नीट खुडलेले, मी सांगितलं होतं तसे, दोन-तीन पानं राखून. आईला विचारलं तर ती म्हणाली, मला काय माहीत. दादांना विचारलं नाही.

काका गेल्यावर मी पिशवी भरत होतो, पुण्याची गाडी होती. दादा म्हणाले, "ती तार आणलीस का बारकी? ती डावीकडची फांदी लई वर चाललीय."

तार पुण्यात राहिली होती. पुढच्या खेपेला नेतो म्हणालो.